ओळीवरची पट्टी

मित्रांनो, राग मानू नका, पण तुमच्या दप्तरातल्या त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना मी पट्टी मानतच नाही. मी एक जुनी शिसवी पट्टी आहे. एका सुताराने कपाटाच्या उरलेल्या फळीतून मला कापलं, घासूनपुसून सरळ केलं आणि शेजारच्या शिंप्याला दिलं. कापडावर खडूच्या रेघा ओढायला तो मला वापरायचा. गिऱ्हाइकं त्याच्या हाताची तारीफ करत. निम्मी तारीफ माझी होती, पण पट्टीची पाठ कोण थोपटतो?

पुढे शिंप्याला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मग मला त्याच्या डाव्या हातात दिलं. काही हवं असलं की तो मला खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटायचा आणि त्याची थोरली मुलगी, ताई, धावत यायची.

धाकटी दिवसभर एका दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायची आणि संध्याकाळी अभ्यासाला बसायची. तिला पुढच्या शिक्षणासाठी इंग्रजीची प्रवेश परीक्षा द्यायची होती. वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी होती. पास झाली असती तर ती दुसऱ्या शहरात वसतिगृहात राहायला गेली असती. पण तिचं घोडं अडलं होतं उताऱ्यांवर. पानभर उतारा वाचून खालच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, एवढंच. तिची नजर मात्र सारखी मागच्या ओळीकडे वळायची आणि वेळ संपून जायचा.

"थांब, तुला युक्ती शिकवते," ताई म्हणाली. ती स्वतः या परीक्षेला दोनदा बसून नापास झाली होती. तिने बाबांच्या हातातून मला काढून घेतलं.

"अगं, बाबांना लागते ना ती?"

"मी आहे ना घरात. माझं लक्ष असतं."

वाचून झालेल्या ओळीवर मला ठेवायचं आणि खाली सरकवत न्यायचं, ही ती युक्ती. झाकलेली ओळ पुन्हा बघायची नाही. धाकटीने मला जरा वर सरकवलं की ताई मलाच उचलून तिच्या बोटांवर हाणायची. बोटं सुजली, पण उत्तरं बरोबर यायला लागली. धाकटीचा चेहरा उजळला आणि खरं सांगते, मलाही अभिमान वाटला. पलीकडच्या खोलीत बाबा रिकामा हात दांडीवर आपटत राहायचे. नुसत्या हाताचा आवाज तो काय येणार! तासन्‌तास ते ओल्या अंथरुणात पडून असत. ताईच्या कपाळावर आठीसुद्धा पडत नसे. "पुढचा उतारा घे," ती म्हणायची.

परीक्षेच्या दिवशी ताईने स्वतःच्या हाताने मला धाकटीच्या पर्समध्ये ठेवलं. दारावरच्या रखवालदाराने मला बाहेर काढलं.

"पट्टी चालत नाही, मॅडम. आत कागदच नसतो, सगळं स्क्रीनवर."

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. ती आत गेली आणि मी दारावर जमा केलेल्या चाव्यांच्या ढिगात पडून राहिले.

घरी आल्यावर ती पर्स न काढताच बोलायला लागली. "ओळी एकमेकींत मिसळत होत्या, ताई. हाताने झाकायला गेले तर लक्ष ठेवणाऱ्या बाई ओरडल्या, स्क्रीनला हात लावू नका. निम्मे उतारे तसेच राहिले." मग ती एकदम थांबली. "तू दोनदा बसली होतीस. तुला माहीत होतं?"

ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. "होतं की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू गेलीस की बाबांचं सगळं कायमचं माझ्याच गळ्यात. माझी इतकी वर्षं त्या खाटेपाशी गेली. मला विचारलं होतं कुणी?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, मित्रांनो. आणि केस म्हणून मी होते.

ताईने मला बाबांच्या हातात परत दिलं. त्यांनी मला घट्ट धरलं आणि लगेच दांडीवर आपटलं. ताई जागची हलली नाही.

"जा," ती धाकटीला म्हणाली. "बोलावतायत तुला."

मित्रांनो, पट्टी उन्हात टाकू नका, ओलीत ठेवू नका. आणि कुणी फार मायेने ती हातात दिली, तर ती शेवटपर्यंत बरोबर येणार का, हे आधी विचारून घ्या. मी अजून सरळच आहे. आपटून आपटून एक कड तेवढी झिजलीय. धाकटी आता पहिल्याच आवाजाला येते.