उजेडाची चिठ्ठी

मुलांना चिकित्सक विचार कोणत्या इयत्तेपासून शिकवावा, हे ठरवायला शिक्षण खात्याचे साहेब आमच्या शाळेत येणार होते. मोठ्या बाईंनी ते आधीच ठरवून टाकलं होतं: आठवीपासून. त्याआधी मेंदू कच्चा असतो, असं त्यांनी शिक्षकांच्या सभेत तीनदा सांगितलं. पुरावा कोणी मागितला नाही. सभेला बसलेले सगळे आठवीच्या पुढे शिकलेले होते.

मी विज्ञानाची पदवी घेऊन दुसरीला शिकवत होते. उमेदवारीचे सहा महिने संपत आले होते आणि मला कायम करण्याच्या कागदावर त्याच साहेबांची सही व्हायची होती. म्हणून सभेत मीही मान डोलावली.

वर्गात घेवड्याच्या दोन कुंड्या होत्या. एक खिडकीत, ‘उजेड’ अशी चिठ्ठी लावलेली; एक बंद कपाटात, तिच्यावर ‘अंधार’. दहा दिवसांत कपाटातलं रोप एकवीस सेंटिमीटर झालं, खिडकीतलं नऊ. यात नवल काही नाही. अंधारात रोप बियांत साठवलेल्या अन्नावर उजेड शोधत भराभर वर जातं. फिकट आणि लुळं, पण उंच. पुस्तकात मात्र छापलं होतं, ‘उजेडाशिवाय रोप वाढत नाही.’

साहेब यायच्या आदल्या दिवशी मोठ्या बाई पट्टी घेऊन कुंड्यांसमोर उभ्या राहिल्या. रोपावर चिडलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. चिठ्ठ्या बदला, म्हणाल्या. दरवर्षी बदलतो, आधीच्या बाईंनी कधी कटकट केली नाही. म्हणजे वर्षानुवर्षं इथे प्रयोग चुकत होता, पुस्तक नाही. मी गुपचूप उंच पिवळ्या रोपावर ‘उजेड’ चिकटवलं आणि बुटक्या हिरव्यावर ‘अंधार’. रंगाकडे मोठ्या बाईंचं लक्षच गेलं नाही. माझं गेलं होतं.

साहेबांनी चिठ्ठ्या वाचून समाधानाने मान हलवली. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. रोज रोपं मोजायचं काम तिचं होतं. पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे बोलताना हवा सुटायची.

“ते उंचवालं कपाटातलं आहे.”

मोठ्या बाई हसल्या. लहान आहे, गोंधळ होतो, म्हणाल्या.

“मग पिवळं कसं? खिडकीतलं हिरवं होतं. वहीत लिहिलंय मी.”

साहेबांनी वही उघडली नाही. या वयात पाहिलेलं आणि मनचं यांतला फरक मुलांना कळत नाही, असं ते मोठ्या बाईंना समजावू लागले आणि मोठ्या बाई ते लिहून घेऊ लागल्या. दोघांच्या मधोमध पिवळं रोप काडीला बांधून उभं होतं. मग विचारायचं म्हणून साहेबांनी मला विचारलं, “काय बाई, कपाटातलं कुठलं?”

मुलगी माझ्याकडे बघत होती.

“ती म्हणते तेच,” मी म्हणाले. “चिठ्ठ्या मी बदलल्या.”

कोणाच्या सांगण्यावरून, हे साहेबांनी विचारलं नाही. तेवढी चिकित्सा खात्याला झेपत नसावी. मोठ्या बाईंना धक्का बसला, निदान चेहरा तरी त्यांनी तसा केला. असल्या अप्रामाणिक माणसाला कायम करणं अवघड आहे, असं म्हणत साहेबांनी माझा कागद कोराच फाइलीत परत सारला. दुसऱ्या कागदावर ‘आठवीपासून’ लिहून झोकात सही केली.

ते चहाला गेल्यावर मुलगी टेबलापाशी आली. तोवर मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. ती आता माझं कौतुक करणार, अशीही माझी समजूत होती.

“बाई, बिया पुन्हा लावू या,” ती म्हणाली. “पण कपाटाची किल्ली माझ्याकडे.”

“का गं? माझ्यावर विश्वास नाही?”

तिने विचार केला. खरोखरच केला, साहेबांपेक्षा जास्त वेळ.

“नाही,” म्हणाली, आणि तिने हात पुढे केला.

जुडग्यातून किल्ली सोडवायला मला वेळ लागला. तोवर तिने हात मागे घेतला नाही.