के. आर. काळे यांचा आवाज

चौऱ्याण्णव सालच्या सव्वीस जानेवारीत कोंडिराम काळेचा फायदा काय होता, तर एक खुर्ची. भाईंदर पश्चिमेच्या त्याच्या अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांच्या सोसायटीला नवा सेक्रेटरी हवा होता. सत्यनारायणाच्या पूजेनंतरचा गाण्यांचा कार्यक्रम जो झकास पार पाडेल त्याचा विचार होईल, असं अध्यक्ष सुभाषरावांनी जिन्यात उभ्या उभ्या सुचवलं होतं. खुर्चीला पगार नव्हता. उलट टँकर आला नाही की शिव्या होत्या. पण कोंडिरामचा हिशेब वेगळा. सेक्रेटरी लोकांना विचारतो: भाडेकरू कोण ठेवलाय, पाहुणे किती दिवस राहणार, मूळ गाव कुठलं. आणि जो विचारतो त्याला कोणी विचारत नाही.

आपल्याला कोणी विचारू नये, यावर तर त्याची सहा वर्षं निभली होती. दारावर पाटी ‘के. आर. काळे’. काळे हे आडनाव मोठं सोयीचं. बामणांत आहे, मराठ्यांत आहे, बौद्धांतही आहे. ज्याने त्याने आपल्याला परवडेल ते समजावं. सोसायटीने तसं समजून घेतलं होतं आणि कोंडिरामने कोणाचा गैरसमज दूर करायची तसदी घेतली नव्हती. बाबासाहेबांची तसबीर घरात होती, पण कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने.

कार्यक्रमाला पार्टी बोलावली ती चुलतभाऊ शिवाची, परभणीची. शिवा माइक आणि आवाजाचं मशीन सांभाळायचा, त्याची मुलगी संघप्रिया गायची, तिघे साथीला. एरवी गावोगाव भीमगीतं गाणारी माणसं. पण मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराला बाराच दिवस झाले होते, तिकडे गावागावांत तणाव होता आणि हातातल्या सगळ्या सुपाऱ्या रद्द झाल्या होत्या. भावाला काम मिळेल आणि आपल्याला खुर्ची, असा दुहेरी धर्म कोंडिरामने साधला.

आधी त्याने सहा पानी पत्र लिहिलं होतं. पत्र कसलं, इकडे येऊन वाजवणाऱ्यांसाठी कायद्याचं पुस्तकच. ‘पूर्वेला वाजवायची वेळ आली तर दुकानदारांशी हिंदीत बोला, लोक गॅलरीतून ऐकतात आणि बक्षीस द्यायची वेळ आली की आत जातात. उत्तनला लग्न मिळालं तर आधी उपासाचे चाळीस दिवस चालू नाहीत ना ते विचारा, त्या दिवसांत चर्चची माणसं वाजंत्री लावत नाहीत. जेवणात सुके बोंबील आले तर नाक मुरडू नका. आमच्या पश्चिमेला मात्र आधी एक भजन, मग भावगीतं, सोसायटीतल्या हंसाबेनसाठी एक गरबा आणि शेवटी देशभक्तीचं. टेबलावर निळं कापड नको. पत्रिकेत संघप्रियाचं नाव प्रिया छापलं आहे. आणि मला कोणीही भाऊ, काका म्हणायचं नाही. काळेसाहेब म्हणा.’

टेम्पोतून उतरल्या उतरल्या संघप्रियाने फाटकावरची पत्रिका वाचली.

“काळेसाहेब, माझं अर्धं नाव कल्याणलाच उतरवलं का?”

“हळू बोल,” कोंडिराम म्हणाला.

“हळूच बोलायलेय. मोठ्यानं बोलले तर बाकीचं अर्धंबी जाईल.”

“गप गं,” शिवा म्हणाला. “सुपारी हाय. भाऊ सांगतो तसं करायचं.” आणि लगेच जीभ चावून, “साहेब सांगतात तसं.”

संध्याकाळी सहाला पूजा आटोपली. अंगणात खुर्च्या भरल्या, शिऱ्याचे द्रोण फिरू लागले. पडद्यामागे शिवा मशीनवर वाकून वायर घट्ट करत होता. त्याचे दोन्ही हात अडकलेले. त्याने मान न उचलता सांगितलं, “जरा आवाज द्या, साहेब.”

कोंडिरामने माइक उचलला. बोटाने टिचकी मारली. तोंड जवळ नेलं. आणि गच्चीवरच्या कर्ण्यातून अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांना ऐकू आलं:

“हॅलो... जय भीम. जय भीम.”

वीस वर्षांपूर्वी चुलत्याच्या पार्टीत माइकवर कोंडिरामच बसायचा. वन टू थ्रीने काही कळत नाही, असं चुलते म्हणायचे. ‘जय’ला आवाज किती धारदार निघतो ते बघायचं, ‘भी’ला माइक फुटतो का, ‘म’ला घुमतो का. त्यांच्या पार्टीत माइक दुसऱ्या कुठल्याही शब्दांनी तपासला गेला नव्हता. सहा पानं लिहिताना कोंडिरामने सगळ्यांच्या तोंडाचा बंदोबस्त केला होता, स्वतःचं तोंड तेवढं मोकळं राहिलं.

अंगणातल्या माना कर्ण्याकडे वळल्या. मग कोणीतरी हसलं, कोणीतरी “कोण रे तो?” म्हणालं, आणि पडद्याकडे येणाऱ्या चपला वाजल्या. कोंडिरामचा हात हवेतच राहिला होता. शिवाने वायर सोडली आणि त्याच्या हातातून माइक काढून घेतला.

सुभाषरावांनी पडदा बाजूला केला. “कोण बोललं?”

“मी, साहेब,” शिवा म्हणाला. “तोंडाची सवय हाय. चूक झाली.”

“आबा, चूक कामून म्हणता?” संघप्रिया म्हणाली.

“तू गप.”

सुभाषराव बँकेतले, बोलणं मऊ. “तसं आमचं काही नाही हो. पण पूजेचा दिवस आहे, आणि तुमच्याकडे काय चाललंय ते पेपरात वाचतोय आपण. उगाच कोणाला काही वाटायला नको.” मग ते वळले. “के. आर., ही माणसं तुमच्या ओळखीची?”

उत्तरं दोनच होती. एकाने भाऊ जात होता, दुसऱ्याने घर. निदान कोंडिरामला त्या घटकेला तसं वाटलं.

“छे हो,” तो म्हणाला. “कोणीतरी पत्ता दिला, मी पत्र टाकलं.”

शिवाने वर पाहिलं नाही. तो एक वायर गुंडाळू लागला, जी गुंडाळायची काही गरज नव्हती.

“मग यांना जरा बाहेर बसू दे,” सुभाषराव म्हणाले. “बाकीचा कार्यक्रम होऊ दे छान.”

शिवा फाटकाबाहेर टेम्पोत जाऊन बसला. मशीनवर कोण बसणार? कोंडिराम बसला. हात अजून तयार होता. एकदाही शिट्टी आली नाही.

संघप्रिया कागदावरचं सगळं गायली, त्याच क्रमाने. भजनाला बायकांनी टाळ्या धरल्या, गरब्याला हंसाबेननी उठून फेर धरला आणि “वाह बेटी, वन्समोर!” म्हणाल्या. तिने वन्समोरही दिला. दोन तासांत तिने मशीनकडे एकदाही पाहिलं नाही. शेवटी वाद्यं टेम्पोत चढली. शिऱ्याचा द्रोण तिने कठड्यावर होता तसाच ठेवला आणि जाता जाता म्हणाली, “येते, काळेसाहेब.”

टेम्पो वळला. सुभाषरावांनी कोंडिरामच्या खांद्यावर हात टाकला.

“फर्स्ट क्लास झालं. रविवारच्या मीटिंगला तुमचं नाव मीच सुचवतो.”

“आभारी आहे, साहेब.”

“आभार कसले? सहा वर्षं समोरासमोर राहतोय आपण. पाणी गेलं की सकाळी जिन्यात तुमचा आवाज ऐकतो.” ते हसले. “कर्ण्यातूनही तसाच येतो, बरं का.”

कोंडिरामने आजूबाजूला कोणी ऐकतंय का ते पाहिलं.

“अहो, घाबरता काय? माझ्या तोंडून जायचं नाही. मी तर लगेच ओळखलं होतं, पण तो बिचारा स्वतःहून पुढे आला, म्हटलं येऊ दे.” खांद्यावरचा हात तिथेच होता. “फक्त ते टाकीच्या दुरुस्तीचं काम माझ्या मेव्हण्याला द्यायचंय. दर जरा जास्त आहे त्याचा. सेक्रेटरीची सही लागते.”

तेव्हा हिशेब असा लागला. खुर्ची कोंडिरामला मिळाली, तिच्यावर बसणार सुभाषराव. सुभाषरावांना तोशीस काहीच नाही. संघप्रियाला बापाला बाहेर बसवून दोन तास गावं लागलं, आणि एक काका कमी झाला. शिवाने जन्मभर ज्या दोन शब्दांवर पोट भरलं त्यांना चूक म्हटलं, तेही दुसऱ्याच्या तोंडचे असताना; त्याने तिथल्या तिथे, रोख भरलं. कोंडिरामला हप्ते पडले. पहिला रविवारी होता.