टहरौलीचे पंप आणि माझं शून्य

मी बोलतेय, झाशीतल्या एका पाणी-कचेरीच्या संगणकात साठवून ठेवलेली क्वेरी. क्वेरी म्हणजे एकदाच लिहून ठेवलेला प्रश्न. माझा प्रश्न असा: टहरौली तालुक्यात कुठले हातपंप बंद आहेत? बटण दाबलं की मी पंपांच्या नोंदींच्या फायलीत शिरते आणि पापणी लवायच्या आत उत्तर आणते. बेतवा नदी आटेल पण मी चुकणार नाही, अशी माझी ख्याती. ती मीच पसरवली.

मला जन्म दिला दिवाकरने. तो कंत्राटी ऑपरेटर. माझी एक खोड मात्र त्याच्याही ध्यानात नव्हती: मी फाईल नावाने ओळखते, तोंड बघत नाही.

दसऱ्यानंतर बटण दाबलं आणि मी ऐटीत सांगितलं, शून्य! एकही पंप बंद नाही. साहेबलोक खूश. तेवढ्यात टहरौलीहून जयसिंग नावाच्या गावकऱ्याचा फोन.

"बाबूजी, हमाए इते पंप से हवा कढ़ रई, पानी नईं!"

सरलाताई आमच्या इंजिनीअर. रेल्वेवाल्यांची मुलगी, मराठी समजते, रागावते हिंदीत.

"दिवाकर भैया, मरम्मत वाले ठेकेदार से दोस्ती हो गई क्या?"

"ताई, मी हातसुद्धा लावला नाही."

"तो पंप अपने आप सुधर गए? शाम तक बताओ, वरना कल से मत आना."

मग काय, मी सगळ्यांवर संशय घेतला. माऊसवर, स्टॅबिलायझरवर, खरं सांगायचं तर दिवाकरवरही. लेकीने बापावर!

दिवाकरने मला उघडून पाहिलं, मी कुठल्या फायलीवर जगते ते. मग माझ्या बहिणींना, म्हणजे बाकीच्या क्वेरींना तेच विचारलं. टहरौलीच्या आम्ही सगळ्या एकाच ताटात जेवत होतो. आणि ती फाईल जन्मली होती खंडेनवमीला, नीलकंठरावांच्या संगणकावर!

नीलकंठराव आमचे बडे बाबू, राहायला खंडेराव गेटपाशी.

"अरे, पूजेला मांडली होती," ते म्हणाले. "आमच्या घरात वापरलेली वही पूजत नाहीत. म्हणून नवी फाईल केली, नाव तेच दिलं, वरची शीर्षकं ठेवली, खाली कोरी. जुनी आत जपून ठेवलीय. दसऱ्याला परत ठेवायची, ती राहिली बघ."

सरलाताईंनी कपाळाला हात लावला. "काका, आपने तो टहरौली का पानी ही पूज दिया!"

जुनी फाईल जागेवर आली. मी भलीमोठी यादी ओकले. मिस्त्र्यांची गाडी तासाभरात निघाली.

सरलाताईंनी दिवाकरसाठी स्वतः चहा आणला. तो प्यायला, पण मान वर केली नाही. त्या दिवसापासून प्रत्येक क्वेरीसमोर तो नोंद ठेवतो: कुठली फाईल, कुणी बदलली, कधी. माझ्याकडेही तिरकंच बघतो. बघू दे. तुम्हीही बघा. मी गोड उत्तर दिलं म्हणून हुरळू नका. कुणाला तरी पंपाचा दांडा हलवून बघायला पाठवा.