कियोम्ब्याची आक्षेपार्ह पोस्ट

कियोम्ब्याच्या बाजारातला संडास गावाचे चेअरमन लुताया यांनी बांधून घेतला, त्याची फीत कापली, आणि तो घाण होऊ नये म्हणून त्याच्या फाटकाच्या खांबाला कुलूप घातलं. उपाय लागू पडला. संडास अजूनही नवाकोरा होता. बाजारातल्या बायका मात्र पार पेट्रोल पंपापर्यंत चालत जायच्या. पंपवाला फक्त गिऱ्हाइकांनाच आत सोडायचा, म्हणून प्रत्येकीला जाताना एक काडेपेटी विकत घ्यावी लागे. पेट्रोल पंपावर काडेपेट्या का विकतात, हे कियोम्ब्यात कुणी विचारत नसे.

या सगळ्यावर नालोंगोनं बाजारातल्या बायकांच्या फोनवरच्या ग्रुपवर एक आवाज टाकला. ती मटोकेची केळी विकायची. तिला जुळी पोरं होती, म्हणून सगळं गाव तिला नालोंगोच, म्हणजे जुळ्यांची आई, म्हणायचं. आवाजात ती म्हणाली, "चेअरमन त्या किल्लीवर खुडूक कोंबडीसारखा बसलाय. पिल्लू कधी बाहेर येणार, विचारा कुणीतरी."

आवाज बाजारातून शाळेत, शाळेतून चर्चमध्ये आणि चर्चमधून पार शेजारच्या जिल्ह्यात गेला. चेअरमन मोटरसायकलवरून निघाले की लोक मागून हळूच कॉक-कॉक करू लागले. त्यांनी राजधानीला तक्रार केली. राजधानीनं ओजारा नावाचे साहेब पाठवले.

ओजारा साहेब उत्तरेकडचे. त्यांना इथली लुगांडा भाषा येत नव्हती आणि बाजाराला इंग्रजी येत नव्हतं. म्हणून दुभाष्या म्हणून लुबोवाला बोलावलं. लुबोवा नालोंगोचा भाचा, लहानपणापासून तिच्याच घरी वाढलेला. त्याच्या इंग्रजीचा गावात दबदबा होता, कारण विहिरी खणायला आलेल्या एका गोऱ्या इंजिनियरशी तो सबंध दुपार इंग्रजीत बोलला होता. तो इंजिनियर इटलीचा होता आणि त्यालाही इंग्रजी येत नव्हतं. त्यामुळे दोघांचं चांगलं जमलं.

सभेच्या आधी चेअरमननी लुबोवाला बाजूला घेतलं.

"शब्दाला शब्द सांगायचा. आज तो ग्रुप बंद होणार आणि तुझ्या आत्याचा फोन माझ्या कपाटात जाणार. कळलं?"

"कळलं, साहेब."

"आणि मधेमधे मला विचारू नकोस. मला सगळं इंग्रजी समजतं."

लुबोवा आत्याकडे गेला. ती फोन पदरासारख्या बांधलेल्या कापडात खोचून, केळीच्या घडावर बसली होती.

"आत्या, आज जपून. ग्रुपच बंद करणारेत."

"ग्रुप बंद झाला तर त्या कुलपाबद्दल बोलणार कोण, तू? तू तर चेअरमनला बघितलं की शर्टाची बटणं मोजतोस."

"मी दुभाष्या आहे. माझं मत नसतं."

"लग्नाआधी तुझ्या आतोबाचंही नव्हतं," आत्या म्हणाली. "नंतरही आलं नाही. जा."

सभा आंब्याच्या झाडाखाली भरली. ओजारा साहेब उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, की सरकार फ्री स्पीचच्या विरोधात अजिबात नाही.

"सरकार म्हणतं," लुबोवानं सांगितलं, "फुकट बोलायला आमची हरकत नाही."

टाळ्या पडल्या. साहेबांना बरं वाटलं. ते पुढे म्हणाले, की पण कुठलंही फ्री स्पीच पूर्णपणे फ्री नसतं.

"पण ते पूर्ण फुकट नाही."

टाळ्या थांबल्या. "बघा, मी म्हटलं नव्हतं?" टोमॅटोवाली आग्नेस उठून म्हणाली. "शब्दाला किती पडणार, विचार साहेबांना. आणि माझा नवरा घरी बोलतच नाही, त्याचे काही परत मिळणार का?"

साहेबांना वाटलं, चर्चा रंगते आहे. ते म्हणाले, की म्हणूनच जगभर रेग्युलेशन येतं आहे.

इथे लुबोवा जरा अडखळला. मग त्याला घरची गॅसची शेगडी आठवली. "सरकार माणसांना रेग्युलेटर बसवणार आहे."

"सिलिंडरला असतो तसा?"

"तसाच."

"मग सिलिंडर कोण?" मागून कुणीतरी विचारलं, आणि सगळ्यांनी चेअरमनच्या पोटाकडे पाहिलं. चेअरमन हसले. साहेब इंग्रजीत बोलले की हसायचं आणि "येस, व्हेरी करेक्ट" म्हणायचं, एवढं त्यांनी सकाळीच ठरवून ठेवलं होतं.

शेवटी साहेब मुद्द्यावर आले. त्यांचा आवाज कडक झाला. या गावात संडासाबद्दल एक आक्षेपार्ह पोस्ट आहे, ते म्हणाले. तिच्यामुळे समाजाला त्रास होतो आहे. ती आज, आत्ता, गावानं आपणहून खाली उतरवावी.

कियोम्ब्यात फोनवर जे टाकतात त्याला 'आवाज' म्हणत. पोस्ट म्हणजे काय, हे मात्र लुबोवाला पक्कं माहीत होतं. तो शाळेचा गोलकीपर होता आणि त्याच्या काळातले बहुतेक गोल पोस्टनंच अडवले होते. तरीही त्याला नवल वाटलं. सरकार इतक्या लांबून येऊन आत्याच्या बाजूनं बोलेल, असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्यानं खात्री करून घेतली.

"द पोस्ट ऑफ द टॉयलेट, सर?"

"एक्झॅक्टली," साहेब म्हणाले.

लुबोवा चेअरमनकडे वळला. "साहेब, सांगू ना असंच?"

"व्हेरी करेक्ट," चेअरमन म्हणाले. "मोठ्यानं सांग."

लुबोवानं मोठ्यानं सांगितलं. "संडासाचा तो खांब लोकांना त्रासदायक आहे. तो आत्ताच्या आत्ता, सगळ्यांनी मिळून काढून टाकावा, असा सरकारचा हुकूम आहे. चेअरमन साहेबांचीही संमती आहे."

मग नालोंगो केळीच्या घडावरून उठली आणि म्हणाली, "हुकूम तो हुकूम. पहार कुणाकडे आहे?"

पहारी तिघींकडे निघाल्या. कशाला ठेवल्या होत्या, कोण जाणे. फाटकाच्या ज्या खांबाला कुलूप होतं तो बायकांनी गदागदा हलवला, आणि तो मुळासकट वर आला. कुलूप शाबूत होतं. खांबाला धरून ते अगदी विश्वासानं लटकत होतं.

चेअरमनचा चेहरा आधी पिवळा पडला, मग जांभळा. तोंड उघडून ते साहेबांकडे वळले आणि त्यांनी डोक्यातलं सगळं इंग्रजी गोळा केलं.

"सर," ते म्हणाले. "व्हेरी, व्हेरी..." पुढचा शब्द सापडेना. "करेक्ट," ते हताशपणे म्हणाले.

"हे काय चाललंय?" साहेबांनी लुबोवाला विचारलं.

"दे आर टेकिंग डाउन द पोस्ट, सर."

साहेब खांबाकडे पाहत राहिले. मग लुबोवाकडे. नोकरीत त्यांनी बऱ्याच गावांत हा हुकूम सोडला होता, पण पाळलेला पहिल्यांदाच पाहत होते. शिवाय सकाळपासून त्यांना आग्रहानं चहा पाजला होता आणि पेट्रोल पंप लांब होता. त्यांनी टाय खांद्यावर टाकला आणि झपाझप संडासात गेले.

बाहेर आले तेव्हा माणूस वेगळाच होता. "आणि फोनवरचं ते..." त्यांनी सुरुवात केली, मग थांबले. नव्याकोऱ्या भिंतींकडे एकदा वळून पाहिलं. "इतके दिवस याला कुलूप होतं?"

"येस, सर."

"मग ते खोटं नव्हतं," साहेब म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. जाताना त्यांनी चेअरमनशी हात मिळवला नाही. हात ओले आहेत, असं म्हणाले.

संध्याकाळी चेअरमन लुतायांनी कुणाकडून तरी ग्रुपमध्ये शिरून आवाज टाकला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग, "माझा खांब कुणी नेला?"

आग्नेस धावत नालोंगोच्या घरी आली. "काढ गं त्याला बाहेर! हा आपला ग्रुप आहे!"

नालोंगो मटोके सोलत होती. तिनं सुरी खाली ठेवली आणि तो आवाज पुन्हा एकदा लावून नीट ऐकला.

"राहू दे," ती म्हणाली. "बोलू दे त्याला. आणि आत आलाच आहे, तर आता आपलंही ऐकेल." तिनं फोन तोंडाजवळ धरला. "चेअरमन, खांब माझ्या गोठ्यात आहे, शेळी बांधलीय. आता बाजारातल्या त्या बंद नळाचं बोलू या."