पिंपातला बर्फ

प्रयोगाला सहा तास उरले असताना दिग्दर्शकाला रंगमंचाखालच्या अडगळीत, जुन्या पडद्यांच्या ढिगाखाली, बर्फ सापडला आणि त्याने आनंदाने आरोळी ठोकली.

शेवटच्या प्रवेशातलं लग्न भर बर्फवृष्टीत लागणार, असं त्याने जाहिरातीत छापून टाकलं होतं. आठवडाभर कापूस झाला, साबणाचा फेस झाला. थर्माकोल तर अजून नायकाच्या मिशीत होता. आणि आता हे पत्र्याचं जुनं पिंप! वर रंगाने लिहिलेलं: ‘बर्फ. जळत नाही.’

“वहिनी, लवकर या! काम फत्ते!”

वहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको, नाटकमंडळीचे कपडे शिवणारी. ओठांत चार टाचण्या धरून ती खाली आली. दिग्दर्शकाने झाकण किलकिलं केलं होतं. आत हात घालणार, एवढ्यात तिने टाचण्या थुंकल्या.

“हात मागे! बाहेर व्हा आधी!”

तिचा असा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. दिग्दर्शक बाहेर आला. तिने दार लावलं आणि खालच्या फटीत ओला पडदा कोंबला.

“अहो, पण माझा बर्फ...”

“ॲस्बेस्टॉस आहे तो, भावजी. पूर्वी नाटकात उधळायचे म्हणे. माझे बाबा याच धाग्याचं कापड विणायचे, आगीत न जळणारं. घरी यायचे ते पांढरेफटक होऊन. मी त्यांच्या बाहीवर बोटाने माझं नाव लिहायचे. पंचवीस वर्षांनी चार पायऱ्या चढताना त्यांना धाप लागायला लागली. छातीत गेलेला तो धागा बाहेर येत नाही.”

दिग्दर्शकाने आरोग्य खात्याला फोन लावला.

तासाभरात त्यांची माणसं आली, नखशिखांत पांढऱ्या पोशाखात. “यांचे कपडे आपल्यापेक्षा भारी आहेत!” नायिका हळहळली. पिंप गेलं, आणि छताच्या पत्र्यांवरही संशय आला म्हणून नाट्यगृहालाच टाळं लागलं. प्रयोग मागच्या अंगणात हलला.

बर्फाची जबाबदारी वहिनीच्या सासूबाईंनी उचलली. रद्दी आणि कात्री घेऊन त्या बसल्या आणि दोन पोती भरूनच उठल्या. मग कुणीतरी तिसऱ्या अंकाची वही शोधू लागलं.

“पिवळी होय? ती कातरली मी,” सासूबाई म्हणाल्या. “कोंबडीचे पाय उमटल्यासारखं अक्षर. मला वाटलं, कुणाच्या कामाची असणार?”

“आई!” दिग्दर्शक पोत्यात हात घालून पिवळे तुकडे शोधू लागला.

वही नाही म्हणजे पडद्याआडून शब्द सांगणारं कुणी नाही. तिसऱ्या अंकात नायक गडबडला आणि त्याने नायिकेऐवजी तिच्या आत्याला मागणी घातली. आत्या “हो” म्हणाली आणि त्याचा हात काही केल्या सोडेना. नायिका दुसरा हात ओढू लागली. नायिकेचा बाप आत्याच्या बाजूने बोलू लागला. प्रेक्षक खुर्च्यांवरून घसरले. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून सासूबाईंनी दोन्ही पोती एकदम पालथी केली आणि नवरा, नवरी, आत्या सगळेच दिसेनासे झाले. ढिगाऱ्यातून फक्त आत्याचा आवाज आला, “मी हात सोडलेला नाही!”

वहिनी इतकी हसली, की तिला दम लागला. भिंत धरून उभी राहिली आणि छातीवर हात ठेवून श्वास मोजू लागली.

“काय झालं?” दिग्दर्शकाने विचारलं.

“बाबांच्या मांडीवर मीही बसायचे ना, भावजी. किती वर्षं डॉक्टर तपासायला बोलावतायत. मी जातच नाही.”

“उद्याच जाऊ. मीही येतो. पंधरा वर्षं त्या अडगळीत बसून सिगरेटी फुंकल्यात मी.”

एक्स-रेच्या खोलीत तंत्रज्ञ म्हणाली, “श्वास भरा. रोखा.” दिग्दर्शकाला ढिगाऱ्यातली आत्या आठवली. पहिला फोटो हलला. दुसऱ्या वेळी बाहेर बसलेली वहिनीच फिसकन हसली आणि त्याला पुन्हा हसू फुटलं. दोघांना दटावणी मिळाली.

वहिनीच्या फुप्फुसाच्या आवरणावर जुने, जाड झालेले डाग निघाले. “धागा आत गेल्याची ही खूण,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आजार नाही. श्वासाची चाचणीही उत्तम आहे. पण दरवर्षी यायचं.” मग दिग्दर्शकाकडे वळल्या. “तुमचा फोटो स्वच्छ आहे. पण ही धूळ आणि सिगरेट एकत्र आल्या, की कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढतो. आजपासून बंद.”

त्याने खिशातलं सिगरेटचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

“पण मग मला काल दम का लागला?” वहिनीने विचारलं.

“काय करत होतात?”

वहिनीने सांगायला सुरुवात केली. आत्यापर्यंत पोचेस्तोवर डॉक्टरीणबाई चष्मा काढून हसता हसता डोळे पुसत होत्या, आणि बाहेरच्या रांगेतली माणसं आत डोकावून विचारत होती, काय झालं म्हणून.