शेपटीचा पत्रा

मो दोक-जिनला आपल्या साहेबाचा राग यायचा तो एका शब्दापायी. 'अरे.'

साहेब चू इन-ग्यू त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. सक्तीच्या लष्करी नोकरीत हाच इन-ग्यू त्याचे बूट पुसायचा, आणि सुटून आल्यावरही वर्षानुवर्षं 'दादा, दादा' करत मागे फिरायचा. दोक-जिनचं तळलेल्या कोंबडीचं दुकान बुडालं, तेव्हा दक्षिण कोरियातल्या चांगवोन शहराच्या या पंपांच्या कारखान्यात त्याला चिकटवून घेतलं तेही इन-ग्यूनंच. ही गोष्ट दोक-जिन कुणाला सांगत नसे. उपकार करणारा माणूस आधीच डोळ्यांत सलतो. इथे तर तो धाकटा होता, वर साहेब झाला होता, आणि बढती मिळाल्यापासून पोरासोरांदेखत म्हणायला लागला होता, "अरे दोक-जिन, इकडे ये जरा."

कारखान्यात दर वसंतात विक्री विभाग आणि दोक-जिनचा विभाग यांची विमानांच्या खेळात झुंज व्हायची. कॉम्प्युटरवर विमान आपणच बांधायचं, आपणच उडवायचं; चालवणारा एक, तोफा-बंदुकांवर बाकीचे. या खेळात दोक-जिनचा हात धरणारा कुणी नव्हता. विभागाच्या जेवणाच्या दिवशी शेगडीवर डुकराचं मांस भाजत होतं, सोजू दारूच्या बाटल्या रिकाम्या होत होत्या, आणि दोक-जिनच्या तोंडून निघून गेलं.

"साहेब, पैज लावता? माझं विमान शत्रूचा पूल उडवून धड परत उतरलं, तर सोमवारपासून तुम्ही मला अहो-जाहो करायचं. सगळ्यांसमोर."

इन-ग्यू हसला. "आणि नाही उतरलं तर?"

"तर मी तुम्हाला दादा म्हणेन."

थोरल्यानं धाकट्याला दादा म्हणायचं म्हणजे आपलं नाक कापून आपणच त्याच्या हातावर ठेवायचं. नवी पोरगी ब्योन सो-दाम मांस कापता कापता कात्री तशीच धरून बसली.

"बरं तर," इन-ग्यू म्हणाला. "मी शेपटीत बसतो. मागची बंदूक माझी. पण माझ्या मागं जाड पत्रा लाव हं. तिथला माणूस पहिला मरतो."

"लावतो की," दोक-जिन म्हणाला.

विमानाचं नाव त्यानं ठेवलं रानडुक्कर. चार इंजिनं, रुंद पंख, नाकात दोन तोफा, आणि पंखांच्या मागं पोटात बॉम्बची रास. पूल एका फेरीत पाडायचा तर बॉम्ब भरपूर हवेत. पण एवढे बॉम्ब घातले की विमानाचं वजन धावपट्टीला झेपेना आणि बुडाकडचं पारडंही जड होई. काहीतरी कमी करायला हवं होतं. पोटाखालचा पत्रा काढता आला असता, मागची तेलाची एखादी टाकी लहान करता आली असती. दोक-जिननं दोन्हींकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं थेट शेपटी गाठली आणि साहेबाच्या मागचा पत्रा एकेक करून काढून टाकला. प्रत्येक पत्र्यागणिक त्याला बरं वाटत गेलं. बस म्हणावं तिथं उघड्या बुडानं! शेवटचा पत्रा गेला तेव्हा तोलाची खूण अगदी जिथल्या तिथे आली. वर चढायलाही हरकत नाही आणि साहेबही मरतो, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. त्यानं आराखडा बंद केला.

शनिवारी दुपारी कारखान्यामागच्या गेमच्या अड्ड्यात दोन्ही विभाग जमले. एका रांगेत विक्रीवाले, समोरच्या रांगेत दोक-जिनचा विभाग. रामेन नूडल्सच्या वाट्या आल्या, बर्फाची कॉफी आली. दोक-जिननं घरून आणलेली जॉयस्टिक टेबलाला आवळली.

"अरे, डुक्कर उडायला लागलं रे!" विक्रीवाले ओरडले.

रानडुक्कर धावपट्टीच्या अगदी टोकाला उचललं आणि नदीच्या वर निघालं. विक्रीवाल्यांची चपळ विमानं पाठीमागून आली. पहिल्याच हल्ल्यात इन-ग्यूचा पडदा करडा झाला.

"मेलो!" इन-ग्यू म्हणाला. "एवढ्यात?"

दोक-जिननं मान वळवली नाही, पण ओठ दाबून त्याला हसू आवरावं लागलं. सो-दाम नाकातल्या तोफांवर होती. तिनं समोरून येणारी दोन विमानं पाडली. पूल आला. दोक-जिननं सगळे बॉम्ब सोडले, आणि पूल मधोमध मोडून नदीत गेला. रांगेतली पोरं खुर्च्यांवरून उठली. "मो सर! मो सर!"

आता फक्त उतरायचं होतं.

परतीच्या वाटेवर विमानाचं नाक खाली झुकू लागलं. दोक-जिननं जॉयस्टिक मागं ओढली. नाक थोडं वर आलं, पुन्हा झुकलं. मग त्याच्या लक्षात आलं. तोल त्यानं बॉम्ब भरलेले असताना पाहिला होता. बॉम्ब गेल्यावरचा पाहिलाच नव्हता. मागचं वजन गेलं होतं, शेपटीत पत्रा नव्हता, आणि नाक एकटं जड झालं होतं.

"सर, वर घ्या ना!" सो-दाम किंचाळली. "वर घ्या!"

"घेतोय!"

वेग होता तोवर विमान कसंबसं सरळ राहिलं. उतरण्यासाठी वेग कमी केला आणि शेपटीतला जोरच संपला. दोन्ही हातांनी जॉयस्टिक पोटाशी ओढूनसुद्धा रानडुकरानं धावपट्टीत नाक खुपसलं आणि पेट घेतला. विक्रीवाल्यांनी टेबलं बडवली.

इन-ग्यूनं आपल्या पडद्यावर विमानाचा आराखडा उघडला. शेपटीवर बोट ठेवलं.

"माझ्या मागं पत्राच नव्हता," तो म्हणाला.

"वजन कमी करायचं होतं."

"माझ्यावरचंच? सगळं?"

सो-दामनं वाकून पाहिलं आणि खुर्ची मागं सरकवली. रांगेतलं कुणीच दोक-जिनकडे बघेना. पण पैज ती पैज. तो उठून उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "दादा."

"नको," इन-ग्यू म्हणाला. आवाज चढवला नव्हता त्यानं. "तसलं नातं नको आता. मी तुला आपला समजून अरे म्हणत होतो. घरच्या माणसाला म्हणतो तसं." कोट उचलून तो निघून गेला.

सोमवारी सकाळी सगळा विभाग बसलेला असताना इन-ग्यू दोक-जिनच्या टेबलाशी आला. कमरेत किंचित वाकला.

"अहो मो साहेब, सवड झाली की शुक्रवारच्या ऑर्डरी बघाल का? आपल्याला तसदी देतोय."

एवढी आदराची भाषा त्या विभागात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सगळ्यांनी ती ऐकली. दोक-जिन "हो साहेब" म्हणाला. याच्यापेक्षा यानं चारचौघांत मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.