विलायतेच्या बाई

मी विलायतेची आहे हे मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी कळलं. क्लासच्या दारावर माझा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, ‘खास विलायतेहून आलेल्या इंग्रजीच्या शिक्षिका’. फोटोत मी चांगलीच उजळ झाले होते. इतकी उजळ मी लग्नातसुद्धा दिसले नव्हते.

मी क्लासच्या मालकांना म्हटलं, “अहो, मी विलायत विमानातूनही पाहिलेली नाही.”

“विद्यार्थ्यांनीही पाहिलेली नाही,” ते म्हणाले. “मग अडचण काय?”

इतका बिनतोड मुद्दा मी उभ्या मास्तरकीत ऐकला नव्हता. आणि या परक्या देशात भांडून जाणार कुठे? माझा करार वर्षाचा. तो वाढला, तरच आईला इथे आणता येणार होतं. आई तिकडे महाराष्ट्रात भावाच्या भरल्या घरात एकटी होती. म्हणून मी मुकाट्याने विलायतेची झाले.

विद्यार्थी म्हणजे शेजारच्या हॉटेलातली इथलीच माणसं. रिसेप्शनवरची मुलगी, आचारी, दोन वेटर, आणि सामान उचलणारा एक आडदांड गडी. त्याला मी मनातल्या मनात पैलवान म्हणायचे. सगळ्यांना व्याकरणाचा कंटाळा आणि विलायतेची भारी हौस.

“मॅडम, तुमच्याकडे पाहुणा आला की काय करतात?”

आता मला काय ठाऊक! पण शिकवणाऱ्याने ‘माहीत नाही’ म्हणायचं नसतं. मी दिलं ठोकून. आधी पाणी द्यायचं. मग जेवलात का, विचारायचं. मग मुलंबाळं किती, आणि एकच असेल तर एकच का. पाहुणा निघाला की दारापर्यंत सोडायला जायचं आणि खऱ्या गप्पा तिथे सुरू करायच्या. वर्गाने हे सगळं भक्तिभावाने घोटून पाठ केलं.

एकच पंचाईत होती. आईला कमी ऐकू येतं. मधल्या सुट्टीत मी जिन्यात उभी राहून तिला फोन करायचे आणि सगळी इमारत माझं मराठी ऐकायची. “गोळी घेतलीस का? अगं, गोळी! गोऽऽळी!” मालकांनी वर्गाला समजावून सांगितलं, की विलायतेच्या डोंगराळ भागात इंग्रजी असंच बोलतात. वर्गाने गंभीरपणे माना डोलावल्या.

वर्ष संपत आलं तशी तोंडी परीक्षा लागली. परीक्षक साक्षात विलायतेचा. त्याचा शेरा चांगला आला तर करार वाढवू, असं मालक म्हणाले. घाम फक्त मला फुटला.

परीक्षक आला. वाळका, टाय बांधलेला म्हातारा. तो तोंड उघडणार तोच पैलवानाने पुढे पाण्याचा ग्लास ठेवला. “बसा, बसा. आधी पाणी घ्या.”

“जेवलात का?” आचाऱ्याने विचारलं.

“चहा-बिस्किटं झाली.”

“हे काय जेवण झालं?” आचारी खरंच चिडला.

रिसेप्शनवालीने मुलांची चौकशी केली. मुलगा, एकच. “एकच? का बरं?” मागच्या बाकावर मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. तेवढ्यात धाकट्या वेटरने विचारलं, “तो जवळ राहतो का?”

“नाही.”

“मग गोळ्या घेतल्या का, हे तुम्हाला कोण विचारतं?”

हा प्रश्न मी शिकवलेला नव्हता. म्हाताऱ्याने चष्मा काढला आणि दोनदा पुसला.

निघताना सगळे त्याला दारापर्यंत सोडायला गेले आणि गप्पा रंगल्या. आचाऱ्याने हातात डबा कोंबला. अखेर म्हातारा माझ्याकडे वळला. “विलायतेत कुठल्या भागातल्या तुम्ही?”

चोराच्या मनात चांदणं. “पूर्वेकडच्या,” मी म्हटलं.

“बऱ्याच पूर्वेकडच्या दिसता,” तो म्हणाला आणि डबा सांभाळत जिना उतरला.

शेरा आला: ‘उच्चार बेताचे. शिष्टाचार अस्सल विलायती.’ मालकांनी तो दारावर चिकटवला आणि करार वाढवला. “आईंना खुशाल आणा. फक्त वर्गासमोर त्यांनी तोंड उघडायचं नाही. बिंग फुटेल.”

माझ्या आईने तोंड उघडायचं नाही! चिडून, तोंड पाडून मी वर्गात गेले.

“मॅडम,” पैलवानाने विचारलं, “आई कधी येणार?”

“तुला कोणी सांगितलं?”

“जिन्याने. मालकांचं बोलणं वर्गात ऐकू येतं, आणि तुमचे फोनही. आईला ओरडून विचारायचं म्हणजे गोळ्यांचंच असणार. आमच्या आयाही बहिऱ्याच आहेत.” तो जरा लाजला. “आम्हाला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. तुम्ही नोकरीसाठी विलायतेच्या झालात, आम्ही तुमच्यासाठी अडाणी झालो. मालकांना मात्र सांगू नका. बिचाऱ्यांना वाईट वाटेल.”

मला रडू आलं. भर वर्गात, सगळ्यांसमोर.

“त्या आल्या की त्यांच्याशी बोलावं लागेल,” रिसेप्शनवाली म्हणाली. “आता तुमची मराठी नीट शिकवा.”

मग अख्ख्या वर्गाने खिडक्या हादरतील अशा आवाजात सराव केला. “गोऽऽळी घेतलीस का?”

जिन्यात मालक नव्या गिऱ्हाइकाला घेऊन येत होते. त्यांचा अभिमानाने फुललेला आवाज मला ऐकू आला. “ऐकलंत? आमच्याकडे डोंगराळ भागातलंसुद्धा शिकवतात.”